पहिलं घर घेताय? टोकन देण्याआधी नावं ठरवा

दुय्यम निबंधक कार्यालयात आमचा नंबर आला होता. फ्लॅट घेणारी बाई शाळेत शिक्षिका, नवरा खासगी कंपनीत. फ्लॅट तिच्या एकटीच्या नावावर होता, म्हणून स्टॅम्प ड्युटी एक टक्का कमी भरलेली. सह्या व्हायच्या होत्या तेवढ्यात सोबत आलेल्या सासऱ्यांनी कागद हातात घेतले, पहिलं पान वाचलं आणि विचारलं, "यात आमच्या पोराचं नाव कुठाय?" बाकावर पंधरा मिनिटं कुजबुज चालली. मग दस्त मागे घेतला. दोघांची नावं घालून अॅग्रीमेंट नव्याने छापलं, साठ हजारांचं आणखी एक चलन भरलं आणि नोंदणी पुढच्या आठवड्यावर गेली. बाहेर पडताना ती म्हणाली, "आम्हाला हे आधी कुणी विचारलंच नाही हो."

दस्त तयार करणं हे माझं रोजचं काम. पहिलं घर घेणाऱ्यांचा सगळा जीव चौरस फूट, मजला आणि ईएमआय यांत अडकलेला असतो. करसवलती म्हणजे शेवटी सीए बघेल असं काहीतरी, अशी समजूत. पण सीएकडे जाईपर्यंत बहुतेक सवलतींचा निकाल लागलेला असतो, कारण तो अॅग्रीमेंटच्या पहिल्या पानावर, 'खरेदीदार' या शब्दापुढे कुणाची नावं आहेत त्यावरच लागतो. म्हणून हे सगळं टोकन देण्याआधी वाचा.

आधी एक गैरसमज दूर करू

महाराष्ट्रात 'पहिलं घर' म्हणून स्टॅम्प ड्युटीत वेगळी सूट नाही. लंडनमध्ये राहणारे आपले नातेवाईक सांगतात की तिकडे पहिलं घर घेणाऱ्याला तीन लाख पौंडांपर्यंत हा कर लागत नाही. ते खरं आहे, आणि घराची किंमत पाच लाख पौंडांच्या वर गेली की ती सूट मिळत नाही हेही खरं आहे. आपल्याकडे मात्र मुद्रांक कायदा तुम्हाला 'हे कितवं घर?' असं विचारत नाही. घर कुठल्या हद्दीत आहे, किंमत काय आणि घेणारी व्यक्ती बाई आहे की पुरुष, एवढंच तो पाहतो.

'पहिलं घर' हे शब्द प्राप्तिकरात होते. कलम ८०ईईए खाली ज्याच्या नावावर घर नाही त्याला व्याजावर दीड लाखाची जादा वजावट मिळायची. पण ती फक्त १ एप्रिल २०१९ ते ३१ मार्च २०२२ या काळात मंजूर झालेल्या कर्जांना. त्याआधीच्या ८०ईई ची मुदत तर २०१७ मध्येच संपली. तरीही साइट ऑफिसात आजही व्याजावरच्या नेहमीच्या दोन लाखांच्या वजावटीत हे दीड लाख मिळवून 'साडेतीन लाख व्याज माफ' असं गणित कागदावर मांडून दाखवणारे भेटतात. नवीन कर्जाला ते लागू नाही. त्या आकड्यावर विसंबून बजेट आखू नका.

खिशातून किती जाणार ते मांडा

पुणे महापालिका हद्दीतला ६० लाखांचा फ्लॅट धरू. मूळ स्टॅम्प ड्युटी ५ टक्के, स्थानिक संस्थेचा अधिभार १ टक्का, मेट्रोचा १ टक्का, असे एकूण ७ टक्के. म्हणजे ४ लाख २० हजार. नोंदणी फी किमतीच्या १ टक्का, पण जास्तीत जास्त ३० हजार. ३० लाखांच्या वरच्या प्रत्येक घराला ती ३० हजारच बसते. मुंबईत स्टॅम्प ड्युटी एकूण ६ टक्के. ग्रामपंचायत हद्दीत ती कमी असते, म्हणून शहरालगतचं घर घेताना गाव महापालिकेत आलंय की नाही हे आधी विचारा. जाहिरातीत 'पुणे' लिहिलं म्हणजे हद्द पुण्याची असेलच असं नाही, आणि उलटही होतं.

पहिल्यांदा घर घेणाऱ्याला ही रक्कम जड जाते, कारण तिच्यासाठी कर्ज मिळत नाही. रिझर्व्ह बँकेच्या नियमानुसार कर्जाची मर्यादा ठरवताना बँकेने स्टॅम्प ड्युटी आणि नोंदणी फी घराच्या किमतीत धरायची नसते. सूट आहे ती फक्त दहा लाखांपर्यंतच्या घरांना. ३० ते ७५ लाखांच्या कर्जाला बँक किमतीच्या ८० टक्क्यांपर्यंत देते. म्हणजे ६० लाखांच्या घरात तुमचे १२ लाख, वर साडेचार लाख स्टॅम्प ड्युटी आणि नोंदणीचे, आणि घर बांधकामाधीन असेल तर ५ टक्के जीएसटीचे ३ लाख. जीएसटीचा पैसा कर्जात धरतात की नाही, हे बँकेला लेखी विचारून घ्या. 'वीस टक्के जमवले की झालं' म्हणून निघालेली कितीतरी मुलं याच साडेचार-साडेसात लाखांपाशी अडतात आणि मग पर्सनल लोन काढतात. म्हणून स्टॅम्प ड्युटीतला एक टक्का कागदावर छोटा दिसला तरी तो रोख वाचतो, आणि तोही ज्या महिन्यात पैसा सगळ्यात कमी असतो त्या महिन्यात.

रेडी रेकनर बघितल्याशिवाय पुढे जाऊ नका

स्टॅम्प ड्युटी अॅग्रीमेंटमधली किंमत आणि सरकारी बाजारमूल्य यांत जे जास्त असेल त्यावर लागते. हे बाजारमूल्य दर तक्ते, म्हणजे आपलं रेडी रेकनर, नोंदणी व मुद्रांक विभागाच्या संकेतस्थळावर गाव, पेठ, सर्व्हे नंबरनुसार फुकट बघता येतं. तुम्ही घासाघीस करून ५६ लाखांत ठरवलं आणि रेडी रेकनरने ६४ लाख निघाले, तर स्टॅम्प ड्युटी ६४ लाखांवर.

आणि ते तिथेच थांबत नाही. बाजारमूल्य ठरलेल्या किमतीपेक्षा १० टक्क्यांहून जास्त असेल, तर मधला संपूर्ण फरक प्राप्तिकर खातं खरेदीदाराचं उत्पन्न धरतं. वरच्या उदाहरणात ५६ चे १० टक्के म्हणजे ५ लाख ६० हजार, आणि फरक आठ लाखांचा. म्हणजे आठ लाख तुमच्या त्या वर्षीच्या उत्पन्नात जमा. 'थोडी किंमत कमी दाखवू, तुमचीच ड्युटी वाचेल' असं रिसेलमध्ये कुणी सुचवलं तर हे लक्षात असू द्या. वरची रोख रक्कम देणं बेकायदा आहे ते आहेच, शिवाय पुढे तुम्ही घर विकाल तेव्हा ती रोख रक्कम तुमच्या खरेदी किमतीत धरली जाणार नाही.

बाईच्या नावावर घर: एक टक्का

१ एप्रिल २०२१ पासून महाराष्ट्रात निवासी घर बाईच्या नावावर घेतलं तर स्टॅम्प ड्युटीत १ टक्का सवलत आहे. खरेदीदार एकटी बाई असली पाहिजे, किंवा एकापेक्षा जास्त खरेदीदार असतील तर सगळ्या बायकाच असल्या पाहिजेत. आई आणि मुलगी चालतं, दोघी बहिणी चालतात. नवरा-बायको मिळून घेतलं की सवलत गेली, अर्धीसुद्धा मिळत नाही. दुकान, ऑफिस किंवा मोकळा प्लॉट यांना ती नाही. सुरुवातीला अशा घराची १५ वर्षं पुरुषाला विक्री करता येत नसे. ती अट २०२३ मध्ये काढली, त्यामुळे 'पुढे विकताना अडकाल' ही जुनी भीती आता बाळगायचं कारण नाही.

सवलत आपोआप लागत नाही. चलन भरतानाच कमी रक्कम भरायची असते आणि दस्तात सवलतीचा उल्लेख करावा लागतो. वकील किंवा बिल्डरचा माणूस साचेबंद मसुदा पुढे करतो, त्यात तो उल्लेख आहे का हे स्वतः वाचा.

आता खरी अडचण: एक नाव की दोन?

इथे प्राप्तिकर मध्ये येतो. स्वतः राहत्या घराच्या कर्जावरच्या व्याजाची दरवर्षी दोन लाखांपर्यंत वजावट मिळते, मुद्दलाची कलम ८०सी खाली दीड लाखाच्या मर्यादेत. पण ती मिळायला माणूस घराचा मालकही असावा लागतो आणि कर्जदारही. दोन्ही जण सहमालक आणि सहकर्जदार असतील तर दोघांना वेगवेगळी. ६० लाखांच्या घरावर ४८ लाखांचं कर्ज, साडेआठ टक्के दराने, म्हटलं तर पहिल्या वर्षी व्याजच चार लाखांच्या आसपास जातं. म्हणजे दोघांचे दोन-दोन लाख पूर्ण वापरले जातात. तीस टक्क्यांच्या टप्प्यातल्या नवऱ्याला दोन लाखांच्या वजावटीतून उपकरासह ६२ हजार ४०० रुपये वाचतात, आणि तेही दर वर्षी. घर एकट्या बायकोच्या नावावर असेल तर त्याने सगळे हप्ते भरले तरी त्याला ही वजावट नाही. एकदाच वाचणारे साठ हजार एका बाजूला, दर वर्षीचे बासष्ट हजार दुसऱ्या बाजूला. हे बघून पूर्वी मी सरळ सांगायचो, दोघांची नावं लावा.

आता तसं सांगत नाही. ही वजावट फक्त जुन्या करप्रणालीत आहे. तुम्ही काही निवडलं नाही तर आता नवी प्रणालीच धरली जाते, आणि तिच्यात राहत्या घराच्या व्याजाची वजावट नाही, ८०सी ही नाही. मग जुनीच निवडावी का? पंधरा लाख पगाराचं गणित करून बघू.

जुनी प्रणाली: पंधरा लाखांतून प्रमाणित वजावट ५० हजार, ८०सी चे दीड लाख आणि घराच्या व्याजाचे दोन लाख वजा केले की ११ लाख उरतात. कर उपकरासह १ लाख ४८ हजार २००.

नवी प्रणाली, २०२५-२६ चे टप्पे: फक्त ७५ हजारांची प्रमाणित वजावट, करपात्र १४ लाख २५ हजार. कर ९७ हजार ५००.

घराचं व्याज पूर्ण वापरूनही जुनी प्रणाली पन्नास हजारांनी महाग पडली. या पगारावर जुनी परवडायची तर सगळ्या मिळून सहा लाखांच्या जवळपास वजावटी हव्यात. आणि स्वतःच्या घरात राहायला गेलात की घरभाडे भत्त्याची वजावटही संपते. बारा लाखांपर्यंत करपात्र उत्पन्न असेल तर नव्या प्रणालीत पगारावर कर शून्य, तिथे तर वजावटीचा प्रश्नच उरत नाही. म्हणजे आज पहिलं घर घेणाऱ्या बऱ्याच नोकरदार जोडप्यांना व्याजाची वजावट कागदावर मिळते, खिशात काही पडत नाही. त्यांच्यासाठी स्टॅम्प ड्युटीतला एक टक्का हीच हातात पडणारी सवलत आहे.

तुमचा पगार वेगळा असेल, आईवडिलांचा आरोग्य विमा असेल, शैक्षणिक कर्जाचं व्याज चालू असेल, तर उत्तर बदलू शकतं. प्राप्तिकर खात्याच्या पोर्टलवरच्या कॅल्क्युलेटरमध्ये दोन्ही प्रणालींचे आकडे घालून बघायला वीस मिनिटं लागतात. टोकनच्या आधीच्या रविवारी दोघांनी बसून तेवढं करा. जुन्या प्रणालीत एक अटही आहे. व्याजाची वजावट घराचं बांधकाम पूर्ण झाल्यावरच सुरू होते, आधीच्या वर्षांचं व्याज पुढे पाच समान हप्त्यांत मिळतं. आणि कर्ज घेतलेल्या वर्षाच्या अखेरीपासून पाच वर्षांत बांधकाम पूर्ण झालं नाही तर दोन लाखांची मर्यादा ३० हजारांवर येते. रखडलेल्या इमारतीतला खरेदीदार असा दोन्हीकडून भरडला जातो.

कराच्या पलीकडेही बघायचं आहे. नवऱ्याला मालक न करता सहकर्जदार म्हणून घेता येतं का, हे आपल्या बँकेला आधीच विचारा. बहुतेक बँका सहमालकाने सहकर्जदार व्हावं असा आग्रह धरतात, पण प्रत्येक सहकर्जदार मालक असलाच पाहिजे असं नसतं. बायकोला स्वतःचं उत्पन्न नसेल आणि सगळा पैसा नवऱ्याचा असेल, तर पुढे ते घर भाड्याने दिल्यास ते भाडं नवऱ्याच्या उत्पन्नात धरलं जातं. नंतर कधी नवऱ्याचं नाव घालावंसं वाटलं तर बक्षीसपत्राने घालता येतं. नवरा-बायकोत राहत्या घराच्या बक्षीसपत्राला मुद्रांक शुल्क २०० रुपये आहे, शहरी हद्दीतले अधिभार वेगळे. कर्ज चालू असेपर्यंत त्याला बँकेची लेखी संमती लागते.

एक गोष्ट मनापासून सांगतो. माझ्या टेबलावर येणाऱ्या घरांत पहिल्यांदाच स्वतःच्या नावाची मालमत्ता होणाऱ्या बायका असतात. एका घरकाम करणाऱ्या ताईंनी अंगठा देऊन झाल्यावर पावतीवरचं स्वतःचं नाव मला दोनदा वाचायला लावलं. साठ हजार वाचतात म्हणून घर बाईच्या नावावर घेतलं, तरी त्यातून तिला जे मिळतं ते साठ हजारांपेक्षा मोठं आहे. पण घरातल्या सगळ्यांना हे आधी माहीत हवं, नोंदणी कार्यालयाच्या बाकावर कळायला नको.

४५ लाखांची रेघ

बांधकामाधीन घराला जीएसटी ५ टक्के, 'परवडणारं घर' असेल तर १ टक्का. परवडणारं म्हणजे किंमत ४५ लाखांपर्यंत आणि चटई क्षेत्र मुंबई महानगर प्रदेशात ६० चौरस मीटरपर्यंत, महानगर नसलेल्या शहरांत ९० चौरस मीटरपर्यंत. या नियमात पुणे महानगर धरलेलं नाही, त्यामुळे पुण्यात ९० चौरस मीटर चालतं. किंमत मोजताना पार्किंग, क्लबहाउस अशा नावांनी बिल्डर वेगळे घेतो ते पैसेही धरले जातात. ४४ लाखांचा फ्लॅट आणि वर दोन लाख 'इतर' म्हटलं की रेघ ओलांडली. भोगवटा प्रमाणपत्र मिळाल्यावर घेतलेल्या तयार घराला जीएसटी नाही.

'स्टॅम्प ड्युटी फ्री' अशी ऑफर असेल तर सरकारला ड्युटी जातेच, बिल्डर ती भरतो एवढंच. शेजारच्या विंगमध्ये गेल्या सहा महिन्यांत काय भावाने व्यवहार झाले ते इंडेक्स टू, म्हणजे नोंदलेल्या दस्ताचा सरकारी गोषवारा, यावरून काढा आणि मग ऑफर खरी की भावात मिसळलेली ते ठरवा. सप्टेंबर २०२० मध्ये राज्य सरकारने स्टॅम्प ड्युटी तीन टक्क्यांनी कमी केली होती. मुंबईत ती ५ वरून २ वर आली. ३१ डिसेंबरच्या मुदतीआधी इतकी झुंबड उडाली की एकट्या मुंबईत त्या महिन्यात साडेएकोणीस हजारांहून जास्त दस्त नोंदले गेले. त्या घाईत कागद न वाचता सह्या केलेले लोक मी पाहिले आहेत. सवलतीची मुदत जवळ आली म्हणून टायटल, म्हणजे मालकी हक्काची, तपासणी टाळू नका.

खरोखर पहिल्या घरासाठी असलेली एक योजना

प्रधानमंत्री आवास योजना, शहरी २.०. देशात कुठेही कुटुंबाचं पक्कं घर नसावं, वार्षिक उत्पन्न नऊ लाखांपर्यंत, घर ३५ लाखांपर्यंत, कर्ज २५ लाखांपर्यंत. पहिल्या आठ लाखांच्या कर्जावर ४ टक्के व्याज अनुदान, जास्तीत जास्त १ लाख ८० हजार, पाच वार्षिक हप्त्यांत. कर्जाचा अर्ज करतानाच बँकेला विचारा. इथे 'कुटुंब' म्हणजे नवरा, बायको आणि अविवाहित मुलं. त्यामुळे बायकोच्या नावावर माहेरचं पक्कं घर असेल तर ते लपवू नका, अनुदान परत मागितलं जातं.

नोंदणीपर्यंतचा क्रम

नावं ठरली की मसुदा मागवा. रेरा, म्हणजे बिल्डरांवर नियमन ठेवणाऱ्या, कायद्याप्रमाणे नोंदणीकृत अॅग्रीमेंट झाल्याशिवाय बिल्डर किमतीच्या १० टक्क्यांहून जास्त रक्कम घेऊ शकत नाही, हे चेक लिहिताना लक्षात ठेवा. चलन राज्य सरकारच्या ग्रास पोर्टलवर भरायचं. त्यावरची नावं आधार आणि पॅनशी अक्षर न अक्षर जुळवा. 'सौ.' किंवा माहेरचं आडनाव इकडे-तिकडे झालं की टेबलावर अडतं. स्टॅम्प ड्युटी सही करण्याआधी किंवा त्याच दिवशी, फार तर पुढच्या कामकाजाच्या दिवशी भरलेली असावी. उशीर झाला तर कमी पडलेल्या रकमेवर दरमहा २ टक्के दंड. सही केल्यापासून चार महिन्यांत नोंदणी.

किंमत ५० लाख किंवा त्याहून जास्त असेल तर विक्रेत्याला प्रत्येक हप्ता देताना १ टक्का टीडीएस, म्हणजे विक्रेत्याच्या पैशातून आधीच कापायचा कर, तुम्ही कापायचा आणि तो महिना संपल्यापासून ३० दिवसांत प्राप्तिकर पोर्टलवर भरायचा. बँक कर्जाचा हप्ता थेट बिल्डरला पाठवते तेव्हाही ही जबाबदारी तुमचीच. विक्रेता परदेशात स्थायिक असेल तर हा एक टक्क्याचा नियम लागत नाही. कापायची रक्कम बरीच मोठी असते, तिथे सीएशिवाय पाऊल टाकू नका.

कार्यालयात आधार, पॅन आणि ओळख पटवणारी दोन माणसं न्या. कॅमेऱ्यासमोर फोटो, मशीनवर अंगठा, मग स्कॅनिंग. बाहेर पडण्याआधी संगणकाच्या पडद्यावर खरेदीदाराचं नाव, फ्लॅट नंबर, मजला आणि चटई क्षेत्र स्वतःच्या डोळ्यांनी वाचा, कारण इंडेक्स टू वर तेच छापून येतं आणि नंतरची दुरुस्ती म्हणजे नवा चूकदुरुस्ती दस्त. जुनी करप्रणाली निवडलेल्यांनी चलनाची प्रत त्याच दिवशी सीएला पाठवा. स्टॅम्प ड्युटी आणि नोंदणी फी ८०सी मध्ये बसते, पण फक्त ज्या आर्थिक वर्षात भरली त्याच वर्षात.